दोनशे बासष्ट टप्प्यांचं मस्कत

म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर विमान लागत नाही. एवढं कळायला फार शिकावं लागत नाही, आणि मी तर त्या स्टँडवरून अकरा वर्षं कंडक्टर म्हणून गाड्या नेल्या. तरीही सकाळी साडेपाचच्या बोरीवली गाडीला आमचे कंट्रोलर माईकवरून जे पुकारायचे, ते ऐकून परगावचा माणूस हातातला चहा सांडायचा. "बोरीवलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. मस्कत, दुबई, दोहा आणि कुवेतकडे जाणाऱ्या प्रवाशांनी याच गाडीत बसून घ्यावे. पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवावा, बोचक्यात नाही." हे सगळं अगदी सरळ आवाजात. जशी मस्कतची गाडी माणगाववरून वळून जाते.

आमच्या तालुक्यात घरटी एक माणूस आखातात. स्टँडवर दोऱ्यांनी करकचून बांधलेली खोकी घेऊन कोण ना कोण रोज उभा असतोच. त्यामुळे गावच्या लोकांना या पुकाऱ्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र वाटायचं. मी नवीन होते, तोंडाने फटकळ होते, आणि मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं मी ड्रायव्हरला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "हळू बोला. त्यांना सगळं ऐकू येतं."

दिसायला अगदी साधा माणूस. बुटका, काटक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, खाकी सदऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे. फक्त दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं. डावं म्हसळ्याचं, उजवं मस्कतचं, दीड तास मागे. कोणी हसलं की ते म्हणायचे, "तुमचा मेव्हणा तिकडे आत्ता झोपलाय की जेवतोय हे तुम्हाला माहीत आहे? मला माहीत आहे." समोरचा गप्प व्हायचा. असं बोलून गप्प करायची त्यांना मोठी हौस.

गाड्यांच्या वेळापत्रकाच्या फळ्याखाली त्यांनी स्वतःची एक छोटी फळी ठोकली होती. तिच्यावर रोज नव्याने लिहायचे: मुंबई ते मस्कत, हवाई अंतर सुमारे पंधराशे सत्तर किलोमीटर, टप्पे दोनशे बासष्ट, वेळ पावणेतीन तास. टप्पे कसले, ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे सहा किलोमीटरचा एक टप्पा, त्यावर तिकीट. त्यांनी मस्कतलाही तोच हिशेब लावला होता. "विमान एक टप्पा अडतीस सेकंदांत मारतं," ते मला म्हणाले, "आणि तुमचे ड्रायव्हर घोणसे घाटात एका टप्प्याला वीस मिनिटं लावतात." मी म्हटलं, "मग विमान घोणसे घाटातून आणून दाखवा." त्या दिवसापासून त्यांनी मला माणसांत धरलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी चहा सांगितला.

मोबाईलवाली पोरं त्यांना चिडवायला यायची. "कंट्रोलर, तुमचं चुकलंय. मोबाईल सांगतो दोन तास पंचवीस मिनिटं." की यांचा चष्मा नाकावर. "ते उडायचं. बसायचं कुठे आहे त्यात? दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत वेळ धरायची. माणूस दारातून दारात जातो, ढगातून ढगात नाही." परत आलेल्या प्रत्येक माणसाला ते खिडकीपाशी अडवायचे. दार किती वाजता लागलं? चाकं कधी उचलली? खायला कधी दिलं? कान कधी दुखले? माणूस दोन वर्षांनी घरी आलेला, बायकोपोरं समोर उभी, आणि याची आपली उलटतपासणी. एकदा एका बाईने खडसावलं, "अहो, आधी मला तरी बघू द्या त्यांना." तेव्हा ते दोन पावलं मागे सरले. सोडलं नाही. तिचं बघून होईस्तोवर वही उघडी धरून उभे राहिले.

तिकिटावरच्या वेळांनी तर त्यांचा जीव खाल्ला होता. तिकिटावर सुटायची वेळ आपली छापतात आणि पोचायची तिकडची. म्हणजे चारला सुटून सव्वापाचला मस्कत. लोक म्हणायचे, सव्वा तासात पोचतं. येताना दहाला सुटतं आणि सव्वादोनला मुंबई. म्हणजे सव्वाचार तास. यावर आमच्या एका शहाण्या माणसाने निकाल दिला होता की जाताना उतार असणार आणि येताना चढ. घाटातली माणसं आम्ही, आम्हाला ते पटलंही होतं. कंट्रोलरनी त्या माणसाला बाकावर बसवून दोन्ही घड्याळं काढून समजावलं. अर्धा तास. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे चढ थोडाच हाय." यावर कंट्रोलर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

वरून एकदा एक मोठे साहेब तपासणीला आले. नेमका तेव्हाच पुकारा झाला. साहेबांनी विचारलं, "आपली गाडी मस्कतला कधीपासून जायला लागली?" आम्ही सगळे मान खाली घालून उभे. कंट्रोलर शांतपणे म्हणाले, "गाडी जात नाही साहेब. प्रवासी जातो. मी गाडीची वेळ सांगत नाही, प्रवाशाची सांगतो." साहेब फळीकडे बघत राहिले, चहा प्यायले आणि जाताना एवढंच म्हणाले की अक्षर जरा बारीक काढा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आपल्या स्टँडवर आहे ते बरं आहे. तसं मी बोलले मात्र नाही. ते लगेच चढून बसले असते.

हे वेड कशातून आलं, असं विचारलं की ते एक गोष्ट सांगायचे. फार वर्षांपूर्वी आपल्याच बाजूच्या एका माणसाला मस्कतला नोकरी लागली. मोठा भाऊ तिकडे होता, त्याने सगळं जमवलं. हा गडी तिकिटावर लिहिलेल्या वेळेला बरोब्बर विमानतळावर पोचला. एसटीची सवय. गाडी सुटता सुटता पळत यायचं, हात करायचा, कंडक्टर घंटी मारतो, चढायचं. तिथे दार बंद. काचेतून विमान उभं दिसतंय, हा हात करतोय, आणि कोणी घंटी मारत नाही. आला परत. "पाटीवर कोणी लिहिलं नव्हतं, म्हणून," असं म्हणून ते गोष्ट संपवायचे. आम्ही ती इतक्या वेळा ऐकली होती की हात कसा केला तेही आम्ही करून दाखवायचो.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन मस्कतला गेली. जावई बांधकामावर सुपरवायझर, पहाटे जातो, अंधार पडल्यावर येतो. तिला दिवस राहिले, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, अंथरुणातून उठायचं नाही. आधी एक मूल गेलेलं. फोनवर ती रडायची नाही, ते मला जास्त लागायचं. आई, तू ये, एवढंच म्हणायची. माझ्याकडे पासपोर्ट नाही, सासरच्यांत कोणी मोकळं नाही. आईचा पासपोर्ट मात्र धाकटीच्या लग्नानंतर काढून ठेवलेला होता. जावयाने आईसाठी धडपड करून व्हिसा काढला, तिकीट पाठवलं. चारचं विमान, दहा दिवसांनंतरचं. आणि आई म्हणाली, मी जात न्हाय.

आमची आई भित्री नाही. भातशेतीत आयुष्य गेलं तिचं, गोठ्यात नाग निघाला तर ती काठी शोधते, बोंबलत नाही. मी तिला विचार विचार विचारलं, कशाची भीती वाटते, उंच जातं त्याची? ती म्हणाली, "उंचाला काय व्हतंय. पण उतरायचं कुठं त्ये कोण सांगनार? तू हायस का तिथं? मधी गाव न्हाय, फाटा न्हाय, झाड न्हाय. गाडी म्होरं निघून गेली तर मी काय करू?" मी कपाळाला हात लावला. अगं, ते शेवटचं ठिकाण आहे, तिथे सगळेच उतरतात. ती म्हणाली, "पनवेललाबी सगळे उतरतात. मानसं झोपून म्होरं जातातच की." यावर बोला आता. आयुष्यभर ती एसटीत बसली ती कंडक्टरच्या मागच्या सीटवर, आणि दर गावाला विचारत गेली, आलं का, आलं का. मी कंडक्टर झाले तेव्हा तिला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला होता.

दोन दिवस घरात हेच. मी चिडले, ओरडले, नको ते बोलले. तुला धाकटीपेक्षा तुझी भीती मोठी, असंही बोलून गेले. त्या रात्री ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला स्टँडवर घेऊन गेले आणि कंट्रोलरच्या खिडकीपुढच्या बाकावर बसवलं. "हे घ्या तुमचं मस्कत. लेकीकडे जायला अडून बसलीय," म्हटलं, "आता तुम्हीच बघा." दुपारची वेळ होती, श्रीवर्धन गाडी नुकतीच निघून गेलेली, स्टँड रिकामा.

ते बाहेर आले, आईच्या शेजारी बसले. मला वाटलं, आता टप्पे काढतील. त्यांनी विचारलं, "मावशी, मुलगी न्यायला येणार आहे का विमानतळावर?"

"जावई येल. तिला उठायचं न्हाय."

"म्हणजे ती घरी वाट बघणार."

आईने मान हलवली. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कंडक्टरबाई, तीन चहा सांगा." मला तिथून घालवायचं होतं त्यांना. मी हलले नाही.

"एका माणसाची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले. "विमान चुकलं त्याची. तो मी. आणि विमान चुकलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले. "तीन तास आधी पोचलो होतो मी. समोर दार होतं. लोक आत जात होते, मी बसून होतो. आत काय असतं, किती वेळ बसायचं, मध्ये काय होतं, काही म्हणता काही ठाऊक नव्हतं मला. चोवीस वर्षांचा होतो. माझं नाव दोनदा पुकारलं त्यांनी. मी उठलो नाही. विमान निघून गेलं आणि मी घरी येऊन सांगितलं, उशीर झाला."

आईने विचारलं, "आन भाऊ?"

"तो तिकडे विमानतळावर उभा होता. तेव्हा फोन कुठे होते? दुसऱ्या दिवशीपर्यंत उभा होता, असं नंतर कोणीतरी सांगितलं. त्याने मला कधी काही विचारलं नाही. तीच खंत आहे."

मी त्या माणसाबरोबर तेव्हा सात वर्षं काम केलं होतं. हात करायची नक्कल मी त्यांच्या तोंडावर करून दाखवली होती, एकदा नाही, शंभरदा. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. आणि रागही आला त्यांचा, की एवढी वर्षं आम्हाला हसू दिलंत.

आई पदर सावरून त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "बरं. मधी काय काय व्हतं त्ये सांगा मला. समदं सांगा."

आणि कंट्रोलर उठले, खिडकीतून वही घेऊन आले. तीस वर्षांच्या उलटतपासण्या होत्या त्या वहीत. म्हणाले, "मावशी, पेणला गेलाय ना?" आई म्हणाली, गणपती आणायला कितीदातरी. "म्हसळ्याहून पेणला गाडी किती वेळ घेते?" मी म्हटलं, पावणेतीन तास. ते म्हणाले, "मस्कत म्हणजे पेण. एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही."

पुढचे पाच दिवस दुपारी आई बाकावर आणि ते शेजारी. विमान दार लावून उभं राहतं, मग हळूहळू फिरतं, तो म्हसळ्याचा बाजार. मग जोर लावून वर चढतं, पाठ सीटला चिकटते, तो घोणसे घाट. घाट संपला की माणगाव, तिथे खायला देतात. कोलाडच्या सुमारास हात धुवायला जाऊन यायचं, नंतर गर्दी होते. नागोठणं आलं की कान दुखतील, तेव्हा तोंडात लवंग धरायची आणि गिळत राहायचं. पट्टा बांधा म्हणतील. मग वडखळ. मग पेण. पेण आलं की सगळे उभे राहतात, तेव्हा आपण बसून राहायचं. आणि घड्याळाला हात लावायचा नाही, कोणी काही म्हणो. उतरेपर्यंत घड्याळ म्हसळ्याचंच.

तेवढ्यावर भागलं नाही. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ते इस्त्री केलेला सदरा घालून माझ्या गाडीत चढले, आईला खिडकीशी बसवलं, स्वतः शेजारी. मला म्हणाले, दोन पेण. मी मशीनमधून दोन तिकिटं काढून दिली. त्यांनी पिशवीतून एक पंचा काढला आणि आईला सीटला बांधून टाकलं. गाडीत जो हशा पिकला तो पिकलाच. मोरब्याला एक म्हातारा चढला, तो म्हणाला, "काय वो, बाई पळून जातीय का?" आई म्हणाली, "मस्कतला चाललेय. बसा गप." माणगावला गाडी दहा मिनिटं थांबली, कंट्रोलरनी तिला उतरू दिलं नाही, केळं आणि चिक्की आणून तिच्या मांडीवर ठेवली. नागोठण्याला लवंग. पेणला सगळे उतरेपर्यंत ती पंच्याने बांधलेली शांत बसून होती. मग सुटली, उतरली, आणि मला म्हणाली, "एवढंच?"

मी तिला विमानतळावर सोडायला गेले. दारापाशी आत जायला मला मनाई. ती एकटी गेली, नऊवारी, हातात पिशवी, मनगटावर माझं ड्युटीचं घड्याळ. मागे वळून बघितलं नाही तिने. मी काचेला नाक लावून उभी होते आणि रडत होते, ते तिला दिसलं नाही हे बरंच झालं.

पुढचं मला जावयाकडून आणि नंतर तिच्याकडून कळलं. सगळं वहीत लिहिल्यासारखं झालं. घाट, माणगाव, कोलाड, कानात दडे. लवंग तोंडात धरून ती पेणची वाट बघत बसली. घड्याळात पावणेतीन तास झाले आणि पेण आलं नाही. मस्कतवर काहीतरी कारणाने विमानाला खाली यायला सांगत नव्हते, ते वरच गोल फिरत होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस. इंग्रजीत, हिंदीत काहीबाही सांगितलं, तिला समजलं नाही. शेजारी एक चाळिशीचा मिशाळ गवंडी होता, उत्तरेकडचा, पहिल्यांदाच चाललेला. तो थरथरायला लागला, डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागला.

आणि आमची आई, जिला गाडी म्होरं निघून जाईल याची भीती, तिने त्याच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "अरे, वडखळ है ये. वडखळ. छूटेगा."

आता वडखळला बाहेरून रस्ता झालाय. पण ज्यांनी जुना नाका भोगलाय त्यांना माहीत आहे, तिथे गाडी अडकली की तास मोजायचे नसतात. समोरच पेण, पण गाडी हलत नाही. माणसं उतरतात, काकड्या खातात, परत चढतात, आणि शेवटी गाडी सुटतेच. आईने तो नाका चाळीस वर्षं भोगला होता. कंट्रोलरनी तिला विमान वर फिरत राहतं हे सांगितलंच नव्हतं, त्यांच्या वहीत ते नव्हतं. ते तिने स्वतःच वडखळात बसवलं. गवंड्याला तिने लवंग दिली. तो विमानतळाबाहेर जावयाच्या पाया पडायला लागला, म्हणाला, अम्मा ने पहुँचाया. जावयाला काही कळेना.

ती पोचल्याचा फोन आला तेव्हा कंट्रोलर ड्युटी संपून दोन तास झाले तरी स्टँडवरच होते. मी मुंबईहून त्यांना कळवलं, आणि वडखळचंही सांगितलं. पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." जशी गाडी त्यांच्यामुळेच अडकली.

बाराव्या दिवशी सकाळी धाकटीला त्रास सुरू झाला. वेळेच्या फार आधी. जावई साइटवर, दीड तास लांब. ती पलंगावरून उठू शकेना, अंगाखाली रक्त. आईला तिथली भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही. तिने मजल्यावरची सगळी दारं बडवली, एकूण एक. शेवटचं दार उघडलं ते एका केरळी बाईने. तिने नवऱ्याला उठवलं, त्याने गाडी काढली, आईने मुलीला चादरीत गुंडाळून दोघांच्या मदतीने खाली आणलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघींपैकी कोणाचंच सांगता आलं नसतं. मुलगी झाली. एवढीशी, पेटीत ठेवलेली, पण जिवंत. बहीणही जिवंत.

धाकटीचा फोन आला तेव्हा मी गाडी लावून स्टँडवर उतरत होते. ती म्हणाली, "ताई, आई नसती तर मी दारापर्यंतसुद्धा गेले नसते." मला पुढे ऐकवेना. मी तशीच कंट्रोलरच्या खिडकीपाशी गेले. आत ते, समोर चौकशीला पाच-सहा माणसं. मी सगळ्यांच्या मधून हात घालून फोन त्यांच्या कानाला लावला, कारण पलीकडून आई म्हणत होती, सायबांना दे.

फोनवर आई नेहमी ओरडूनच बोलते, तिला वाटतं मस्कत लांब आहे. त्यामुळे खिडकीपुढच्या सगळ्यांनी ऐकलं. तिने नातीचं सांगितलं, मुलीचं सांगितलं, केरळी बाईचं सांगितलं. कंट्रोलर नुसते हो, हो म्हणत होते. मग ती म्हणाली, "सायब, एक बोलू का? तुमी तवा न्हाय गेलात त्ये बरं झालं."

त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

"तुमी गेला असतात," आई म्हणाली, "तर मला हिकडं कोन घिऊन आलं असतं?"

त्यांनी फोन मला परत दिला. खिडकीपुढचा एक माणूस हळूच विचारत होता, श्रीवर्धन गाडी किती वाजता. कंट्रोलरनी दोन्ही मनगटांकडे बघितलं. पण डोळे इतके भरले होते की कुठलंच घड्याळ त्यांना वाचता येईना. मग मीच त्या माणसाला वेळ सांगितली.